किल्लेदाराचं काम

९ जून १९६८, रविवार. धुळे

नानांनी आज कामं वाटली. किल्लेदार रुपचंदला दिला. मला कारभारी.

कारभारी म्हणजे काय, तर हातात कागदाची गुंडाळी धरून 'जी सरकार' म्हणायचं आणि किल्लेदार बोलत असला की मागे उभं राहून दाढी कुरवाळायची. एम. ए. झालो, कॉलेजात पोरांना शोकांतिका शिकवतो, या नाट्यमंडळासाठी सतरंज्या उचलण्यापासून सगळं केलं, आणि वाट्याला आली दाढी.

वना मास्तरांना सगळं धुळं नाना म्हणतं. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. नाटक त्यांनीच लिहिलंय. लळिंगचा एक किल्लेदार. पोरका असताना ज्या राजानं त्याला वाढवलं, त्यालाच तो गडावर पाहुणा बोलावून मारतो आणि गादीवर बसतो. मग एकेक माणूस तुटत जातं. नाटक चांगलं आहे, हे नाकारत नाही. डिसेंबरात राज्य नाट्यस्पर्धेसाठी जळगाव केंद्रावर जाणार आहे. हे काम ज्याच्याकडे, त्याचं नाव मुंबईपर्यंत जाणार.

"रुपचंदच का?" मी विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं, चोरून नाही.

नाना चष्मा पुसत म्हणाले, "तो बोलायला लागला की मला त्याची भीती वाटते, आणि दयाही येते. तुझं बोलणं ऐकताना, जिवराम, मला फक्त तुझं बोलणं ऐकू येतं."

बाकीचे हसले. रुपचंद हसला नाही, पण खाली मान घालून उभा होता. ती मान मला जास्त लागली.

संध्याकाळी रुपचंदसाहेब घरी हजर. सोबत बायको शेवंता आणि दोन्ही पोरं. धाकटी वेणू थेट पुष्पाच्या मांडीत. आम्हाला मूल नाही, त्यामुळे ते पोर आलं की पुष्पाला बाकी जग दिसत नाही. रुपचंद कळण्याची भाकरी खात म्हणाला, "जिवराम, माले तू शिकाड. तुनागत चोखं बोलता येत नही माले."

शिकवतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

२३ जून, रविवार

पहिली वाचनं झाली. रुपचंदच्या तोंडात ळ नाही. 'डोळे' म्हणायचं तर 'डोये' म्हणतो, 'काळ' म्हणायचं तर 'काय'. लळिंगचा किल्लेदार स्वतःच्याच गडाला 'लयिंग' म्हणतो! मी नानांना म्हटलं, परीक्षक पुण्यामुंबईचे असतात, पहिल्या प्रवेशात हसतील. नाना म्हणाले, "लळिंगच्या पायथ्याची माणसं तसंच म्हणतात. किल्लेदार काय पुण्याहून आला होता?"

हे असं आहे. मी लहानपणापासून जीभ घासली. आम्ही दोघं एका गावचे, न्याहळोदचे, एकाच बाकावर बसलो. मी घरातसुद्धा अहिराणी बंद केली, आईनं चेष्टा केली तरी. तो जसा होता तसाच राहिला, मोहाडीच्या प्राथमिक शाळेत मास्तर झाला, आणि आता तेच त्याचं भांडवल.

वर पुष्पा म्हणते, "तुम्ही एवढे चिडता का? ते तुमचं किती करतात."

हो, करतो. मॅट्रिकच्या वर्षी मी त्याच्या घरी जेवत होतो, त्याच्या आईच्या हातचं. म्हणून जन्मभर त्याच्या मागे दाढी कुरवाळत उभं राहायचं का?

१४ जुलै

काल वर्गात ग्रीक शोकांतिका घेतली. नायक थोर असतो, पण त्याच्या स्वभावात एक तडा असतो. कुणाचा गर्व, कुणाचा संताप, कुणाची महत्त्वाकांक्षा. त्या तड्यातूनच सगळं वाहून जातं. उत्तम तास झाला. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, त्याला कुणी सांगत नाही का?"

"सांगतात. तो ऐकत नाही."

"मग त्याची दया का यायची?"

मी म्हटलं, पुढच्या तासाला बघू. मुलींना कॉलेजात घेतात ते बरोबरच आहे, पण त्या नको तिथे थांबतात.

महत्त्वाकांक्षेला दोष म्हणणारे लोक मुळात कोण असतात? ज्यांना ती झेपत नाही ते. हे मी वर्गात बोललो नाही. इथे लिहून ठेवतो.

२१ जुलै, रविवार. दोंडाईचा

आखाडाचं जेवण म्हणून सासुरवाडीला आलो आहे. सासरे, उखर्डू आबा, यांचं या भागात वजन आहे. मास्तरांच्या बदल्या ज्यांच्या शब्दानं होतात त्या चारदोन माणसांत त्यांचं नाव येतं. ते स्वतः हे कधी बोलत नाहीत, पण सकाळी ओट्यावर मास्तर लोकांच्या चपलांची रांग असते.

दुपारी ओट्यावर दोघंच होतो. आबा सुपारी कातरत होते. त्यांनीच विषय काढला, "तुमचा तो दोस्त, रुपचंद मास्तर, मोहाडीलाच आहे ना अजून?"

मी काही ठरवून गेलो नव्हतो. विषय निघाला म्हणून बोललो. म्हटलं, "आहे. पण नाटकाच्या नादानं शाळेकडे लक्ष नाही त्याचं. मित्र आहे म्हणूनच वाईट वाटतं."

"मग? हलवायचा का?"

"हलवला तर त्याचंच भलं होईल."

"किती लांब?"

मी म्हणालो, "जवळ असला तर नाद सुटणार नाही, आबा."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. सुपारी तोंडात टाकली. "तुम्ही सांगता म्हणजे खरंच असेल," म्हणाले, आणि कापसाच्या पेरण्यांवर बोलायला लागले.

हे इथे स्पष्ट लिहितो, कारण मी स्वतःशी खोटं बोलत नाही. रुपचंदचं शाळेकडे लक्ष नाही हे पूर्ण खोटं नाही. तालमीच्या दिवशी तो शाळा सुटताच सायकल काढतो, पोरांना अभ्यासासाठी थांबवत नाही. दुसरा कुणी मास्तर असता तर मी हेच म्हणालो असतो.

९ ऑगस्ट, शुक्रवार

रुपचंदच्या बदलीची ऑर्डर आली. सातपुड्यात, अक्राणीत, धडगावच्याही पुढे, एका पाड्यावर. एसटी धडगावपर्यंत, पुढे पायी, मध्ये नदी. इतकं लांब मी म्हणालो नव्हतो. आबांनी आपल्या मनानं केलं.

रुपचंद भर दुपारी आला. ओल्या कपड्यांनी दारातच उभा. "भो, तुना सासराले एक शब्द सांगी दे. पोरं धाकली शेतस. शेवंता घाबरी गयी."

मी त्याला बसवलं, चहा पाजला. "प्रयत्न करतो," म्हणालो.

तो गेल्यावर पुष्पा म्हणाली, "मी आजच दोंडाईच्याला जाते. आबा माझं ऐकतील."

मी बजावून सांगितलं, जायचं नाही. जावयानं सासऱ्याकडे भीक मागायची नसते, आणि बायकोनं तर नाहीच. तिनं चहाचे कप उचलले. मग म्हणाली, "ठीक आहे, तुम्ही म्हणालात ना, प्रयत्न करतो."

१८ ऑगस्ट, रविवार

गेले. स्टँडवर पोचवायला गेलो होतो, न जाऊन कसं चाललं असतं? एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, एक पिठाचा डबा. वेणू पुष्पाचा पदर सोडेना. शेवंतानं तिची बोटं एकेक करून सोडवली. मला हे असले तमाशे सहन होत नाहीत, मी तिकिटांच्या खिडकीकडे जाऊन उभा राहिलो.

रुपचंद गाडीत चढताना म्हणाला, "आते किल्लेदार तूच कर. तुले बठ्ठं पाठ शे."

त्याला माहीत होतं की मला पाठ आहे. म्हणजे त्यालाही कळत होतं की काम कुणाचं होतं.

संध्याकाळी नानांकडे गेलो. ते ओसरीवर पाय चोळत बसले होते. मला बघून चोळायचे थांबले. मग म्हणाले, "कर तूच. दुसरं कोण आहे?"

दुसरं कोण आहे! अशा शब्दांत काम देतात. असू दे. दिलं ना.

१२ सप्टेंबर

पाठांतर पुष्पाकडून करून घेतो. सकाळी ती संहिता घेऊन चुलीपाशी बसते, मी येरझारा घालतो. तिला आता माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. एका हातानं भाकरी थापते आणि न बघता चूक काढते. मंडळाचा प्रॉम्प्टर घसा खरवडल्यासारखा ओरडतो, अर्धा शब्द प्रेक्षकांतच जातो. मी नानांना सांगून प्रॉम्प्टिंगला पुष्पाला घेतलं. नाना लगेच हो म्हणाले. पुष्पाला मात्र ते आवडलेलं दिसलं नाही. पण बसते.

२९ सप्टेंबर, रविवार

तालमीत नानांनी सर्वांसमोर थांबवलं. शेवटचा प्रवेश. किल्लेदार एकटा आहे, फौज पळाली आहे, आणि तो म्हणतो, "ज्यानं मला दार उघडलं, त्याच्यावर मी दार लावलं. आता या गडाला दारंच उरली नाहीत." मी चांगलं म्हटलं होतं. आवाज भरून आला होता.

नाना म्हणाले, "जिवराम, तू असं म्हणतोस जणू कुणीतरी त्याच्यावर अन्याय केलाय. त्याच्यावर कुणी अन्याय केलेला नाही. त्यानं केलाय, आणि ते त्याला माहीत आहे. माहीत आहे म्हणून तो मोठा आहे. ज्याला आपण काय केलं हेच कळत नाही, त्याची शोकांतिका होत नाही रे. तो नुसता लहान माणूस."

मी एम. ए.ला शोकांतिकेवर निबंध लिहिला होता. ड्रॉइंग मास्तर मला शिकवतो!

पुष्पा विंगेत खाली बघून पानं लावत होती.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी गेली. आज भाजीबाजारात रुपचंदचा चुलतभाऊ भेटला. वेणू गेली.

दसऱ्यानंतर ताप चढला होता. थंडी वाजून यायचा. धडगावला न्यायला निघाले तर वर पाऊस झाला होता आणि नदीला पाणी होतं. अलीकडच्या काठावर झोळी घेऊन बसून राहिले. पाणी उतरलं तेव्हा उपयोग नव्हता.

वाईट झालं. फारच वाईट. बाजाराची पिशवी घेऊन पांझरेच्या काठानं लांबून घरी आलो.

कुणाला सांगितलं नाही. पुष्पाला तर नाहीच. ती कोसळेल, प्रॉम्प्टिंगला बसणार नाही. नाना तालमी थांबवतील, आणि प्रयोग सहा आठवड्यांवर आहे. सांगून ती पोर परत येणार आहे का? प्रयोग झाला की मी स्वतः सांगेन. शांतपणे.

हिवताप धुळ्यातही होतो. नदीला पूर कुणाच्या सांगण्यानं येत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

कळलंच. शेवंताचा भाऊ नानांना भेटला. नाना तालमीला आले ते भिंतीला टेकून बसले आणि त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. सगळे उठून उभे राहिले. कुणीतरी दिवा मंद केला. तालीम झाली नाही.

पुष्पा रडली नाही. दारात कुलूप काढताना म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"मलाही आत्ताच कळलं."

"भाजीबाजारातून आलात त्या दिवशी तुमच्या पिशवीत भाजी नव्हती."

मी म्हटलं, काय संबंध? ती म्हणाली, "मी उद्या दोंडाईच्याला जाते. त्यांना तिथून परत आणायला हवं. आता तरी आबांशी बोलायला मला कुणी अडवू नका."

अडवलं तर तमाशा झाला असता. म्हटलं, जा. आबा जुन्या वळणाचे, पुरुषांत बोललेलं बायकांत काढणार नाहीत.

१७ नोव्हेंबर, रविवार

आली. चेहरा उतरलेला. आईशी काहीतरी बिनसलं असणार, दोघी एकत्र आल्या की होतंच. रुपचंदच्या बदलीचं काय झालं विचारलं तर म्हणाली, "होईल. आबा म्हणाले, वर्ष सरल्यावर."

"आणखी काही म्हणाले?"

"आणखी काय म्हणणार?"

माझं ताट वाढते, समोर बसत नाही. शोक आहे, जाईल हळूहळू.

एक चांगलं झालं, पाठांतरात लक्ष घालायला लागली आहे. आपणहून संहिता उघडून बसते. आज शेवटचं भाषण माझ्याकडून किती वेळा म्हणून घेतलं, मोजलं नाही. "दार उघडलं तिथून परत म्हणा." मी म्हणायचो. "परत म्हणा." माझा घसा बसला तेव्हा म्हणाली, "तुम्हाला हे म्हणताना काही होत नाही का हो?"

मी म्हटलं, होतं ना, ऐकू येत नाही का? नट असाच तयार होतो.

१ डिसेंबर

रंगीत तालीम बरी झाली. पोशाख अंगाला बसला. रुपचंदच्या मापानं शिवला होता, खांद्यात सैल होता, पुष्पानं आत घेतला. मुकुट जड आहे. बाकी पात्रं माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी पुढे जातोय हे त्यांना सहन होत नाही. माणूस वर जायला लागला की खालचे असेच गप्प होतात.

९ डिसेंबर, सोमवार. जळगाव

काल प्रयोग झाला. धर्मशाळेच्या खोलीत बसून लिहितोय. बाकीचे खाली सामान बांधतायत. मला कुणी हाक मारलेली नाही.

पहिले दोन अंक उत्तम गेले. हे मी म्हणत नाही, टाळ्या म्हणत होत्या. राजाच्या खुनानंतर मी रक्ताचे हात घेऊन पायऱ्या उतरलो तेव्हा थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. नाना मध्यंतरात आत आले. म्हणाले, "असाच राहा." त्यांच्या तोंडून एवढं पहिल्यांदाच. मला वाटलं, झालं, आता मुंबई.

शेवटचा प्रवेश. मी एकटा. पुढे आलो, सुरुवात केली, "ज्यानं मला दार उघडलं..."

आणि पुढचं गेलं.

हे वाक्य मी झोपेत म्हणू शकतो. तोंडावर दिवे होते, डोक्यावर मुकुट जड होता, खाली पहिल्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं. काहीही असेल. नट अडखळतो, मोठमोठे अडखळतात. त्यासाठीच विंगेत माणूस बसवलेला असतो. मी मान वळवली.

पुष्पा विंगेत तिच्या स्टुलावर बसली होती. संहिता मांडीवर, मिटलेली. दोन्ही हात तिच्यावर ठेवलेले. ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. एखाद्या अनोळखी माणसाकडे एसटीत बघावं तशी बघत होती.

मी पुन्हा म्हणालो, "ज्यानं मला दार उघडलं..."

तिनं ओठसुद्धा हलवले नाहीत.

लोकांना आधी वाटलं असेल, काय थांबा घेतलाय. मग वाट पाहून त्यांनाही कळलं. वरच्या बाकांवरून शिट्टी आली. कुणीतरी ओरडलं, "ओ किल्लेदार, दार सापडेना का?" हशा झाला. मी उभा. हात वर केलेला, तो खाली घ्यायचं सुचलं नाही. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर आवाज आला तो माझा नव्हताच, चिरकलेला. शेवटी समोरच्या विंगेतून सैनिक झालेला पोरगा आपणहून आत आला, संहितेत नसलेलं काहीतरी बोलला, आणि पडदा पडला.

पडद्यामागे मी तिच्यावर ओरडलो, "झोपली होतीस का?"

ती म्हणाली, "नाही. जागीच होते."

मग तिनं संहिता नानांच्या हातात दिली, त्यांच्या पाया पडली, आणि तशीच बाहेर गेली. मला वाटलं पाणी प्यायला गेली. ती स्टेशनवर गेली होती. दोंडाईच्याची गाडी तिनं आधीच बघून ठेवली असणार.

नाना माझ्या मुकुटाकडे बघत म्हणाले, "काढ आता तो."

मी त्यांना सांगितलं, परीक्षकांना कळवा की प्रॉम्प्टरची चूक होती. नाना म्हणाले, "कुणाची चूक होती म्हणून कळवू?" आणि निघून गेले.

१५ डिसेंबर, रविवार. धुळे

निकाल लागला. आमचं नाव कुठेच नाही. उत्तेजनार्थमध्येसुद्धा नाही. लेखनासाठी नानांचा उल्लेख आहे.

कॉलेजात फळ्यावर कुणीतरी दार काढून ठेवलं होतं. मी ते पुसलं आणि तास घेतला.

घरी शेजारच्या बाईंनी विचारलं, पुष्पाताई कधी येणार? म्हटलं, आई आजारी आहे.

२९ डिसेंबर, रविवार. दोंडाईचा

आणायला गेलो. तीन आठवडे वाट पाहिली, ती स्वतः येईल म्हणून. शेवटी माझं मोठेपण मीच बाजूला ठेवलं.

आबांनी ओट्यावरच बसवलं. आत या म्हणाले नाहीत. सुपारी पुढे केली नाही. म्हणाले, "जिवरामराव, त्या दिवशी तुम्ही सांगितलं आणि मी विचारपूस न करता केलं. त्या पोरीचं अर्धं पाप माझ्या डोक्यावर आहे. ते मी वागवीन. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." आणि आत गेले. पुरुषांत बोललेलं त्यांनी मुलीला सांगितलं होतं तर! ज्यांच्या शब्दाला एवढी किंमत, त्यांच्या पोटात एक गोष्ट राहत नाही.

पुष्पा पाणी घेऊन आली. दाराच्या चौकटीतच उभी राहिली.

मी म्हटलं, "मला सगळ्या जळगावासमोर उघडं पाडलंस. नवऱ्याचं वाटोळं करून तुला काय मिळालं?"

"वाक्य माझ्या ओठांवर होतं," ती म्हणाली. "द्यायचं म्हणूनच बसले होते. खरंच. तुम्ही मान वळवलीत तेव्हा मला वाटलं, यांना आठवत नाहीये असं नाही, यांना ते म्हणवत नाहीये. आज तरी यांच्या आत काही हललं. म्हणून थांबले. तुम्ही एकदा स्वतःहून म्हणाल म्हणून वाट बघत राहिले."

"आणि?"

"आणि तुम्ही पडद्यामागे येऊन विचारलंत, झोपली होतीस का."

बायकांच्या डोक्यात नाटक आणि संसार वेगळा राहत नाही, हे मी आधीच ओळखायला हवं होतं.

"रुपचंदला सांगितलंस?" हे मी विचारलं. विचारणं भाग होतं.

"नाही. त्यांची बदली रद्द झालीय, पुढच्या आठवड्यात येतील. कुणी पाठवलं हे मी सांगणार नाही, आबाही नाही. शेवंताला तेवढं आणखी झेपायचं नाही. सांगायचं तर तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलंत असं कळलं की मी त्या दिवशी येईन."

मी पाण्याचा तांब्या तसाच ठेवून उठलो. अट घालते! मला!

७ जानेवारी १९६९, मंगळवार. धुळे

रुपचंद आला. मी कॉलेजातून येत होतो, तो माझ्याच दारात पायरीवर बसला होता, शेवंता आणि मोठा पोरगा जरा लांब, लिंबाच्या सावलीत. मी आधी ओळखलंच नाही. केस कानांवर पांढरे झालेत. गाल बसलेत. आवाज तेवढा तोच आहे.

मला बघून उठला. एक क्षण वाटलं, याला कळलंय, आता हा मारणार. खरं सांगतो, मी पिशवी छातीशी धरली.

त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि त्यांच्यावर कपाळ टेकवलं. लहान पोरासारखा रडायला लागला.

"भो, तुना उपकार मी कसा फेडू? माले कयनं, आबानी बदली रद्द करी. तूच सांगं व्हई. तू नही सांगता ते आम्ही बठ्ठा तठेच मरी जातूत."

शेवंता पुढे आली आणि माझ्या पाया पडली. मला पाय मागे घेता आले नाहीत, मागे भिंत होती.

त्यानं नाटकाचं विचारलं नाही. मीच म्हणालो, यंदा नाटक जरा बसलं, पुढच्या वर्षी तू असशील तर बघू. तो म्हणाला, "नही भो. आते मनावरी नही व्हनार. तोंड उघाडं की पोरगीच दिसस." आता कधीच तोंडाला रंग लावणार नाही म्हणाला.

हे ऐकून मला बरं वाटलं. का, ते माहीत नाही. नाना थकलेत, पुढच्या वर्षी मंडळाला नवा दिग्दर्शक लागेल, आणि आता दुसरं कोण आहे, असं काहीतरी डोक्यात आलं.

सांगायचं होतं. पुष्पाची अट होती म्हणून नव्हे, मलाच वाटत होतं, निदान अर्धं सांगावं. तोंड उघडलंही. पण तो इतका रडत होता, आणि शेवंता वर बघत होती, आणि रस्त्यावरून माणसं जात होती. अशा वेळी सांगणं म्हणजे क्रूरपणा झाला असता.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "असू दे रे. मित्र कशासाठी असतात."